टोकियोत ऑफिस थाटताना: भिंती त्यांच्या, खुर्च्या तुमच्या

पुण्या-मुंबईहून टोकियोत शाखा उघडायला निघालेली मंडळी पहिल्या भेटीत बहुतेकदा एक फोटो पुढे करतात. लाकडी पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं, छताचे उघडे पाइप, मधोमध मोठ्या कुंडीतलं झाड. "मॅडम, आपलं असं करता येईल ना?" मी इथे ऑफिसांच्या इंटिरियरचंच काम करते, तेव्हा नाही म्हणण्यात माझा काय फायदा? पण फोटोकडे बघण्याआधी मी विचारते, जागेचा करार झालाय का, आणि झाला असेल तर जागा सोडतानाचं कलम वाचलंय का.

कारण इथे ऑफिसची जागा सोडताना ती घेतली तशी कोरी करून परत द्यावी लागते. याला गेन्जो काइफुकु म्हणतात. उभारलेली भिंत पाडायची, उघडलेलं छत पुन्हा बंद करायचं, जमिनीवर नवा गालिचा घालायचा, रंग होता तसा करायचा, आणि हे सगळं करार संपण्याच्या तारखेच्या आत. म्हणजे शेवटचे काही आठवडे तिथे तुमचं काम बंद आणि भाडं चालू. शिवाय हे पाडकाम कोणाकडून करून घ्यायचं ते बहुतेक करारांत इमारतमालकच ठरवतो. दुसरा कोणी दर देणारा नसला की पहिल्याचा दर कसा असतो, हे कोणाही मराठी माणसाला सांगायला नको.

म्हणून माझा सल्ला एकच असतो: कल्पकता बांधकामात घालू नका, सामानात घाला. जे उचलून पुढच्या जागेत नेता येतं त्यावर सढळ हाताने खर्च करा. जे फोडून टाकावं लागणार आहे त्यावर हात आखडता घ्या. पुढचं सगळं या हिशोबाने वाचा.

आधी आकडे

जागा मोजतात त्सुबोत. १ त्सुबो म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर, आपल्या हिशोबाने साडेपस्तीस चौरस फूट. माणशी २ ते ३ त्सुबो धरतात. २० जणांचं ऑफिस असेल तर ५० त्सुबो, म्हणजे अंदाजे १६५ चौरस मीटर. भाडं महिन्याला दर त्सुबोमागे सांगतात. मिकी शोजी ही दलाली संस्था चियोदा, चुओ, मिनातो, शिंजुकु आणि शिबुया या मध्यवर्ती पाच वॉर्डांचे सरासरी दर आणि रिकाम्या जागांचं प्रमाण दर महिन्याला जाहीर करते. २०२४ च्या अखेरीस ही सरासरी २०,००० येनच्या थोडी वर होती. म्हणजे ५० त्सुबोंना महिना १० लाख येन. त्यावर १० टक्के उपभोग कर, वीज, आणि काही इमारतींत सामायिक खर्च वेगळा. एक लक्षात ठेवा, ही सरासरी मोठ्या मजल्यांच्या इमारतींची असते. लहान, जुन्या इमारती बऱ्याचदा याहून स्वस्त मिळतात.

खरा धक्का अनामत रकमेचा असतो. शिकिकिन किंवा होशोकिन या नावाखाली ६ ते १२ महिन्यांचं भाडं मालकाकडे अडकतं, बिनव्याजी. सोडताना पाडकामाचा खर्च त्यातूनच कापून घेतात. तेव्हा अनामत म्हणजे परत येणारे पैसे, असं वहीत लिहू नका. उलट मागायची गोष्ट म्हणजे सुरुवातीचे बिनभाड्याचे महिने. याला इथे फुरी-रेंतो म्हणतात. बरेच मालक भाडं कमी करायला नाखूश असतात, पण महिना-दोन महिने माफ करायला तयार होतात, कारण कागदावरचा दर तसाच राहतो. इंटिरियरचं काम त्या काळात उरकून घ्यायचं.

क्षेत्रफळ नेट आहे की ग्रॉस, हेही विचारा. जुन्या लहान इमारतींत शौचालय, चहाचा कोपरा, कधीकधी जिन्यासमोरची जागासुद्धा तुमच्या ५० त्सुबोंत धरलेली असते. नकाशा मागा आणि टेपने स्वतः मोजा.

संस्थापक स्वतः उद्योजकाच्या व्हिसावर येणार असेल तर नुसता पत्ता भाड्याने घेऊन भागत नाही, खरोखरीची वेगळी जागा लागते. ऑक्टोबर २०२५ पासून या व्हिसासाठी भांडवलाची अट ५० लाखांवरून ३ कोटी येनवर गेली आहे. अंदाजपत्रकाला तिथूनच सुरुवात करा.

कुठला भाग

लोक विचारतात, सगळ्यात चांगला भाग कुठला? मी विचारते, तुमची माणसं राहणार कुठे? टोकियोत येणारे आपले आयटीवाले २००० सालाच्या आसपासपासून शहराच्या पूर्वेकडच्या निशी-कासाईला राहत आलेत. त्याचं एक कारण तोझाई लाइन ही मेट्रो. कायाबाचो, निहोनबाशी, ओतेमाची, म्हणजे बँका आणि शेअर दलालांची ऑफिसं, एकाच गाडीने. पण या लाइनच्या किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ साली सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती. डोंबिवलीकराला हसू येईल, येऊ द्या. तिथून पुढे आणखी दोन गाड्या बदलायला लावल्या, तर ते हसू वर्षभर टिकत नाही. तोझाई लाइनवर, किंवा तिच्यापासून एकदाच गाडी बदलून पोचता येईल, अशी जागा बघा.

मारुनोउची आणि ओतेमाची ही टोकियोची सगळ्यात भारदस्त वस्ती. १८९० साली मित्सुबिशीने ही जमीन सरकारकडून घेतली आणि १८९४ मध्ये तिथे लाल विटांची पहिली ऑफिस इमारत उभी राहिली. शेजारचं टोकियो स्टेशन तात्सुनो किंगो या वास्तुरचनाकाराचं, १९१४ चं. २०१२ मध्ये ते मूळ रूपात आणलं गेलं, आणि त्या खर्चासाठी स्टेशनाच्या माथ्यावर न वापरलेला बांधकामाचा हक्क आसपासच्या टॉवरांना विकला गेला. ठेंगणं स्टेशन आणि भोवती उंच काचा, हे दृश्य त्या व्यवहारातून आलंय. २० जणांच्या कंपनीने इथे पूर्ण मजल्याच्या नादी लागू नये. बँका हेच ग्राहक असतील आणि पत्त्याला वजन हवं असेल, तर तयार सर्व्हिस्ड ऑफिसातली एक खोली घ्या आणि माणसं दुसरीकडे बसवा.

वास्तूवाल्यांसाठी एक गंमत. ओतेमाचीच्या टॉवरांच्या मधोमध ताइरा नो मासाकादो या दहाव्या शतकातल्या बंडखोर सरदाराच्या शिराची समाधी आहे. १९२३ च्या भूकंपानंतर तिथे अर्थखात्याची तात्पुरती इमारत बांधली, १९२६ मध्ये अर्थमंत्री वारले, आणि लोकांनी अर्थ काढायचा तो काढला. आसपासच्या ऑफिसांत समाधीकडे पाठ करून टेबलं लावत नाहीत, असं अजूनही सांगतात. ईशान्य कोपऱ्यासाठी हट्ट धरणाऱ्या ग्राहकांना मी हे सांगते. त्यांना जरा बरं वाटतं.

शिबुया हा तरुण इंजिनियर आणि डिझायनरांना ओढणारा भाग. गूगल रोप्पोंगीहून २०१९ मध्ये इथल्या शिबुया स्ट्रीममध्ये परत आलं, आणि स्टेशनभोवती टॉवरांची रांगच उभी राहिली. जपानी तरुणांची भरती करायची असेल तर इथला पत्ता जाहिरातीचं काम करतो. त्रास एकच. भाग दरीत असल्यामुळे स्टेशनात गिंझा लाइन ही भुयारी गाडी तिसऱ्या मजल्यावर येते, आणि तोयोको लाइनचा फलाट तळघराच्या पाचव्या मजल्यावर. नवख्या ग्राहकाला स्टेशनातून तुमच्या दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते जागा घेण्याआधी स्वतः चालून बघा. दलालाच्या कागदावरची "५ मिनिटं" स्टेशनच्या कुठल्या दारापासून मोजली आहेत, ते विचारा.

रोप्पोंगी हिल्स २००३ चं आणि आझाबुदाई हिल्स २०२३ चं. दोन्ही मोरी कंपनीची, शेकडो लहान जमीनमालकांना वर्षानुवर्षं पटवत उभारलेली. आझाबुदाईचा मुख्य टॉवर ३२५ मीटरचा आहे. बघायला जरूर जा, पण लहान कंपनीसाठी ही जागा नव्हे. शिंजुकुच्या पश्चिमेकडचे टॉवरही तसेच, प्रचंड मजले आणि प्रचंड नियम.

माझा कल पूर्वेकडे आहे. निहोनबाशी-बाकुरोचो, कांदा, कुरामाए, काबुतोचो. इथे आठ-नऊ मजल्यांच्या सडपातळ इमारती आहेत आणि एका मजल्यावर एकच कंपनी असते. मजला ३० ते ६० त्सुबोंचा, म्हणजे २० जणांना नेमका. कापडाच्या, खेळण्यांच्या, स्टेशनरीच्या घाऊक व्यापाऱ्यांची ही जुनी पेठ. मालक अनेकदा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारं कुटुंब असतं, आणि माणसाशी बोलता येतं ते मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापन विभागाशी बोलता येत नाही. भिंतीला रंग देऊ का, जाताना तसाच ठेवू का, असं तोंडी विचारून लेखी हो मिळवलेलं मी इथेच पाहिलंय. काबुतोचोत शेअर बाजाराचा सौद्यांचा मजला १९९९ मध्ये बंद झाला आणि दलालांची गर्दी ओसरली. १९२३ ची एक बँकेची इमारत २०२० मध्ये के-५ नावाचं हॉटेल झाली, आता भोवती खाण्यापिण्याची दुकानं आणि लहान कंपन्या आहेत. बाकुरोचोला जायला तोझाई लाइनवरून निहोनबाशीला गाडी बदलून असाकुसा लाइनने दोन स्टेशनं. तीच असाकुसा लाइन पुढे रेल्वेमार्गांना जोडून हानेदा आणि नारिता दोन्ही विमानतळांपर्यंत थेट गाड्या चालवते. भारतातून साहेब येणार असतील तर हे विसरू नका.

जुनी इमारत बघताना बांधकाम परवानगीची तारीख विचारा, बांधून पूर्ण झाल्याची नव्हे. १ जून १९८१ पासून भूकंपाचे नवे निकष लागू झाले. परवानगी त्याआधीची असेल तर मजबुतीकरण झाल्याचा कागद दाखवा म्हणावं. कागद नसेल तर मी ग्राहकाला पुढे नेत नाही, भाडं कितीही कमी असो.

करार

कामाचे तीन वर्ग असतात आणि त्यातच सगळी मेख आहे. ए-कोजी मालक करतो, पैसे मालकाचे. सी-कोजी तुमचा ठेकेदार करतो, पैसे तुमचे. मधलं बी-कोजी मालकाचा ठेकेदार करतो आणि पैसे तुम्ही देता. हवेचे डक्ट, आगीचे सेन्सर, स्प्रिंकलर, मुख्य वीजपेटी बहुतेकदा या मधल्या वर्गात पडतात. फोटोतलं ते उघडं छत म्हणजे जवळजवळ सगळंच बी-कोजी. म्हणून सही करण्याआधी या तीन वर्गांचा तक्ता मागून घ्या. तो सहसा कराराला जोडलेला असतो आणि कोणी उघडत नाही.

दुसरं कलम मुदतीचं. साध्या करारात नूतनीकरण होतं. निश्चित मुदतीच्या करारात, म्हणजे तेइकी शाकुयात, मुदत संपली की संपली. मालकाची इच्छा असेल तरच नवा करार होतो. दोन-तीन वर्षांची निश्चित मुदत असेल तर लाकडी पायऱ्यांचं स्वप्न सोडाच. साध्या करारातही जागा सोडायची असेल तर सहसा ६ महिने आधी कळवावं लागतं.

पाडकाम टाळण्याचा एक रस्ता आहे, इनुकी. आधीच्या भाडेकरूने केलेलं इंटिरियर आहे तसं घ्यायचं. तुमचे पैसे वाचतात, त्याचं पाडकाम वाचतं. पण त्यासोबत ते सगळं पाडायची जबाबदारीही तुमच्या माथी येते, त्याने केलेल्या कामासकट. मूळ कोरी जागा कशी होती याचे नकाशे आणि फोटो कराराला जोडून घ्या. इनुकी नसली तरी किल्ली मिळेल त्या दिवशी प्रत्येक कोपरा, छत, खिडकीची चौकट, फरशीवरचा आधीचा डाग, सगळ्याचे तारखेसह फोटो काढा आणि व्यवस्थापन कंपनीला त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

आता डिझाइन

टोकियोतली कल्पक ऑफिसं म्हटली की दोन हमखास पुढे येतात. जाहिरात कंपनी टीबीडब्ल्यूए-हाकुहोदोने २००७ मध्ये शिबाउरातली बंद पडलेली बोलिंग अ‍ॅली घेतली आणि क्लाइन-डायथॅम या वास्तुरचनाकारांनी तिचं ऑफिस केलं. पासोना या मनुष्यबळ कंपनीने २०१० मध्ये टोकियो स्टेशनजवळ एका जुन्या इमारतीत शेतीच आणली, तळमजल्यावर भात, वर भाज्या, आणि त्या भाज्या कॅन्टीनमध्ये. दोन्ही मला आवडतात, पण यातून घ्यायचं काय? भाताचं शेत नव्हे. बोलिंग अ‍ॅलीत मध्ये खांब नव्हते, म्हणून सामान हवं तसं मांडता आलं. तेव्हा जागा निवडताना खांब मोजा, खिडक्या किती बाजूंना आहेत ते बघा, छताची उंची मापा. जुन्या इमारतींत २.४ ते २.५ मीटर मिळते, नव्यांत २.७ च्या वर. ही तीन मापं चांगली असली तर सजावटीला फारसं काही उरत नाही.

बंद खोली शक्य तितकी टाळा. जमिनीपासून छतापर्यंत भिंत घातली की त्या खोलीला वेगळा सेन्सर, वेगळी हवा, कधी वेगळा स्प्रिंकलर लागतो, आणि हे सगळं बी-कोजी. भिंतीच्या वर, छताखाली मोकळी पट्टी सोडायची ही इथली जुनी युक्ती, तिला रानमा उघडा ठेवणं म्हणतात. धूर आणि हवा जायला वाट राहते, पण बोलणंही बाहेर जातं. पगाराची चर्चा त्या खोलीत करू नका. फोनसाठीच्या तयार पेट्या मिळतात, त्या विकतही घेता येतात आणि पुढे नेताही येतात. मात्र छतासह पूर्ण बंद पेटी अग्निशमन दलाच्या नजरेत खोलीच ठरू शकते, तेव्हा आधी त्यांना विचारा.

३१ मीटरहून उंच इमारतीत पडदे आणि गालिचे अग्निरोधकच लागतात, त्यावर तसं लेबल असावं लागतं, मग तुमचा मजला दुसरा का असेना. घरून आणलेल्या हातमागाच्या पडद्यांची हौस अनेकांना असते. ते कापड उशांच्या खोळींना वापरा, खिडकीला नको.

हवा. याबद्दल मी फार आग्रही आहे. मोठ्या इमारतींत वातानुकूलन मध्यवर्ती असतं आणि संध्याकाळी बंद होतं. पुढे चालू ठेवायचं तर तासावर पैसे. पुणे टोकियोपेक्षा साडेतीन तास मागे. तिकडे संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा टोकियोत साडेआठ. भारतातल्या टीमशी रोज बोलणाऱ्या कंपनीला स्वतःच्या नियंत्रणातलं यंत्र हवंच, नाहीतर ऑगस्टमध्ये तुमचे लोक घामाघूम होऊन मीटिंग करतील.

टेबलं. जपानी ऑफिसात समोरासमोर टेबलं जोडून बेटं करतात, शिमा म्हणतात त्यांना, आणि टोकाला आडवा साहेब बसतो. आपल्याकडच्या लोकांना हे सरकारी कचेरीसारखं वाटतं, पण नव्या माणसाला शेजाऱ्याला विचारत शिकता येतं, यात मोठा गुण आहे. रोज कुठेही बसा, ही पद्धत २० जणांसाठी मला उगाच खटाटोप वाटते. लॉकर लागतात, मॉनिटर जुळवायला वेळ जातो, आणि आठवड्याभरात सगळे ठरलेल्या जागीच बसू लागतात. बेटं ठेवा, पण चाकाची टेबलं घ्या, आणि खिडकीची बाजू कोणा एकाला न देता सगळ्यांच्या मोठ्या टेबलाला द्या. नियमाप्रमाणे कामाच्या जागी किमान ३०० लक्स उजेड लागतो. छताचे दिवे तेवढा देतातच, म्हणून तुमचे पैसे उभ्या आणि टेबलावरच्या दिव्यांवर घाला. संध्याकाळी छताचे निम्मे दिवे मालवले की जागा बदलून जाते, आणि ते दिवे तुमच्याबरोबर पुढे येतात.

जड कपाटांआधी मजल्याची वजन पेलायची क्षमता विचारा, साधारण चौरस मीटरला ३०० किलो धरतात. उंच कपाटं मात्र नकोतच. भूकंपात तीच अंगावर येतात. ११ मार्च २०११ ला लाखो लोक घरी जाऊ शकले नाहीत. त्यानंतर टोकियोने एप्रिल २०१३ पासून नियम केला, की कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी ३ दिवसांची तरतूद ठेवावी: माणशी ९ लिटर पाणी, ९ जेवणं, एक ब्लँकेट. २० जणांचं पाणीच १८० लिटर होतं. नकाशात या साठ्याला जागा पहिल्यांदा काढा, नाहीतर खोकी सर्व्हरच्या खोलीत जातात. बसायच्या बाकाखाली कप्पे केले की प्रश्न सुटतो. शाकाहारी माणसांसाठी पाकिटं निवडताना मागचा घटकांचा तक्ता वाचा, माशाचा अर्क कुठेही असू शकतो.

आणि चहाचा कोपरा. बहुतेक इमारतींत उघडी ज्योत चालत नाही, इंडक्शनची शेगडी वापरावी लागते. डब्याचा वासही सामायिक मार्गिकेत जातो. शेजारी तोंडावर काही बोलणार नाहीत, व्यवस्थापन कंपनीकडून एक अत्यंत नम्र पत्र येईल. मायक्रोवेव्ह दारापासून दूर, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याखाली ठेवा.

राहायला जाताना

काम सुरू करण्याच्या ७ दिवस आधी अग्निशमन कार्यालयात कामाची नोंद, आणि वापर सुरू करण्याच्या ७ दिवस आधी वापराची नोंद. ठेकेदार करतो, पण प्रत मागून ठेवा. इंटरनेटच्या ऑप्टिकल लाइनला महिन्याहून जास्त लागू शकतो, म्हणून करारावर सही झाली की त्याच आठवड्यात अर्ज करा. सामान हलवायला इमारत बहुतेकदा शनिवार-रविवारच देते, आणि लिफ्टच्या भिंतींना आधी संरक्षक पत्रे लावावे लागतात. ऑफिसचा कचरा घरच्या कचऱ्यासारखा फुकट उचलत नाहीत. वॉर्डाची विकतची तिकिटं चिकटवा किंवा खासगी गाडी लावा.

वरच्या आणि खालच्या मजल्यावर काम सुरू होण्याआधी जाऊन या. सोबत लहानसा खाऊचा डबा, कामाच्या तारखा लिहिलेला कागद आणि ठेकेदाराचा फोन नंबर.